ओझरचे उड्डाण, दुबईची दुर्घटना आणि एका शेअरचे पाच आठवडे

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी, वसुबारसेच्या दिवशी, नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडच्या कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए या स्वदेशी लढाऊ विमानाने संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या उपस्थितीत आकाशात झेप घेतली. त्यानंतर बरोबर पाच आठवड्यांनी, शुक्रवार २१ नोव्हेंबर रोजी, दुबईच्या हवाई प्रदर्शनात कसरती करताना भारतीय हवाई दलाचे एक तेजस विमान कोसळले आणि त्यात विंग कमांडर नमांश स्याल यांचा मृत्यू झाला. पहिल्या बातमीचा आनंद नाशिककरांनी दिवाळीच्या पहिल्या दिव्याबरोबर साजरा केला, परंतु कंपनीच्या शेअरचा भाव त्या दिवशी जवळपास जागचा हलला नाही. दुसऱ्या बातमीनंतर बाजार उघडला त्या सोमवारी मात्र हाच भाव काही काळ आठ टक्क्यांहून अधिक खाली गेला आणि दिवस संपेपर्यंत त्यातील बरीचशी घसरण भरूनही निघाली. बातमी, भाव आणि गुंतवणूकदारांचे मत यांचे परस्परांशी नाते कसे असते, हे समजून घेण्यासाठी नाशिकच्या वाचकाला याहून जवळचे प्रकरण सापडणार नाही, आणि तरीही हे नाते आपल्याकडे सर्वात जास्त चुकीच्या पद्धतीने याच शेअरच्या बाबतीत वाचले जाते, असे माझे मत आहे.

ओझरचा कारखाना १९६४ पासूनचा. मिग-२१ विमानांच्या उत्पादनासाठी तो उभा राहिला, म्हणून आजही जुन्या पिढीच्या तोंडी त्या परिसराचे नाव ‘मिग’ असेच आहे; पुढे सुखोई-३० विमाने येथेच बांधली गेली. टाऊनशिपमध्ये राहून निवृत्त झालेली कुटुंबे, सातपूर-अंबडमध्ये सुटे भाग आणि जिग-फिक्स्चर पुरवणारे छोटे कारखानदार, आणि केवळ ‘आपल्या गावची कंपनी’ म्हणून शेअर घेणारे तरुण, असे तीन वेगवेगळे गट नाशिकमध्ये या शेअरशी बांधलेले आहेत. कंपनी बाजारात आली ती मार्च २०१८ मध्ये. शेअरची विक्री १,२१५ रुपयांना झाली, किरकोळ गुंतवणूकदारांना व कर्मचाऱ्यांना २५ रुपयांची सवलत होती, आणि नोंदणीच्या पहिल्याच दिवशी भाव विक्रीच्या किमतीखाली गेला. त्या वेळी कारखान्याकडे काम नव्हते असे नाही. पुढची मोठी मागणी कधी येणार याची खात्री बाजाराला नव्हती. २०२३ मध्ये दहा रुपये दर्शनी मूल्याच्या एका शेअरचे पाच रुपयांचे दोन शेअर झाले, म्हणजे मूळ विक्रीची किंमत आजच्या हिशेबात सुमारे ६०७ रुपये पडते. जुलै २०२४ मध्ये हाच शेअर ५,६०० रुपयांच्या वर होता. ज्यांनी २०१८ मध्ये कर्मचारी कोट्यातून शेअर घेऊन ठेवले, त्यांच्या दृष्टीने कंपनीवरचा विश्वास आणि शेअरवरचा विश्वास या एकाच गोष्टी झाल्या, आणि या प्रकरणातील गोंधळाची मुळे तिथेच आहेत.

ओझरच्या उड्डाणाकडे आधी पाहू. त्या दिवशी तेजसच्या तिसऱ्या उत्पादन साखळीचे उद्घाटन झाले. वर्षाला आठ विमाने बांधण्याची तिची क्षमता आहे आणि बंगळुरूच्या दोन साखळ्या धरून एकूण क्षमता चोवीसवर जाते. एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाची दुसरी साखळीही त्याच दिवशी सुरू झाली. नाशिकच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती आणि आहे, कारण सुखोईचे काम ओसरल्यानंतर ओझरच्या कारखान्याचे पुढे काय, हा प्रश्न इथल्या घराघरांत विचारला जात होता. पण बाजाराला यात नवे काय कळले? नाशिकला साखळी उभी राहत आहे हे आधीच जाहीर झालेले होते. ८३ विमानांचा सुमारे ४८,००० कोटी रुपयांचा करार फेब्रुवारी २०२१ मधला होता. आणखी ९७ विमानांचा ६२,३७० कोटी रुपयांचा करार २५ सप्टेंबर २०२५ रोजी झाला, परंतु त्याच्या मंजुरीची बातमी ऑगस्टमध्येच आली होती, त्यामुळे खुद्द सप्टेंबरच्या सहीतसुद्धा अनपेक्षित असे थोडेच उरले होते. भाव हा अपेक्षांचा बनलेला असतो. निर्यातबंदीची कुणकुण लागताच लासलगावच्या लिलावात कांदा उतरतो, तेव्हा चाळीतला एकही कांदा हललेला नसतो, आणि प्रत्यक्ष आदेश निघतो तेव्हा भाव कधीकधी तिथेच राहतो. ओझरचे उड्डाण हा असा, आधीच किमतीत धरला गेलेला आनंद होता.

याच वर्षातल्या दोन तिमाही निकालांनी हीच गोष्ट अधिक स्पष्ट केली होती. मे २०२५ मध्ये कंपनीने मार्चअखेरच्या तिमाहीचा निकाल दिला. नफा आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी घटून ३,९७७ कोटी रुपयांवर आला होता, आणि तरीही शेअर वाढला, कारण विश्लेषकांनी याहून मोठी घट गृहीत धरली होती आणि ऑपरेशन सिंदूरनंतर संरक्षण क्षेत्राकडे पाहण्याची बाजाराची नजरच बदललेली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये सप्टेंबरअखेरच्या तिमाहीचा निकाल आला; नफा साडेदहा टक्क्यांच्या आसपास वाढून १,६६९ कोटी झाला, पण विक्रीच्या तुलनेत परिचालन नफ्याचे प्रमाण आदल्या वर्षीच्या २७ टक्क्यांच्या पातळीवरून २४ टक्क्यांच्याही खाली आले, आणि शेअर घसरणीकडे झुकला. ‘नफा वाढला तरी भाव का पडला?’ हा प्रश्न शरणपूर रोडवरच्या दलालांच्या कार्यालयांत त्या आठवड्यात ऐकू येत होता. त्याचे उत्तर निकालाच्या पहिल्या ओळीत मिळत नाही. ते निकाल आणि अपेक्षा यांच्यातल्या अंतरात असते, आणि हे अंतर वर्तमानपत्राच्या मथळ्यात कधीही छापलेले नसते.

आता दुबई. दुर्घटना स्थानिक वेळेनुसार दुपारी दोन वाजून दहा मिनिटांच्या सुमारास घडली. दुबईपेक्षा आपले घड्याळ दीड तासाने पुढे आहे, म्हणजे इथे तेव्हा पावणेचारला पाच मिनिटे कमी होती आणि मुंबईच्या बाजारातील नियमित व्यवहार साडेतीनलाच थांबलेले होते. दहा मिनिटांच्या या फरकाने प्रकरणाला वेगळे वळण दिले, असे मला वाटते. दुर्घटना बाजार चालू असताना घडली असती, तर विकणाऱ्यांनी अर्धवट माहितीवर विकले असते, घेणाऱ्यांनी घेतले असते, आणि भावाने काही मिनिटांत कुठेतरी तळ शोधला असता. इथे मात्र पूर्ण शनिवार-रविवार मध्ये आला. कोणालाही काही विकता येत नव्हते, परंतु बोलता येत होते. दुर्घटनेची चित्रफीत प्रत्येक फोनवर पुनःपुन्हा पाहिली गेली. त्याच प्रदर्शनात तेजसमधून तेल गळत असल्याचे दावे आदल्या दिवसांत पसरवले गेले होते. ती गळती नसून विमानाच्या यंत्रणेत साठलेले पाणी नेहमीप्रमाणे बाहेर सोडले जात होते, असा खुलासा पत्र सूचना कार्यालयाने दुर्घटनेपूर्वीच केला होता. शुक्रवारी संध्याकाळनंतर तो खुलासा मागे पडला आणि जुनी चित्रफीत ‘आधीच कळले होते’ अशा शीर्षकाने पुन्हा फिरू लागली. एका माणसाचा जीव गेला होता, त्याच्या घरी काय चालले असेल याची कल्पनाही करवत नाही, आणि त्याच वेळी सोमवारी भाव किती पडेल याचे आकडे गटागटांतून फिरत होते.

सोमवारी, २४ नोव्हेंबरला, सकाळी नऊ वाजता बाजारपूर्व सत्र सुरू झाले. या पंधरा मिनिटांचे काम सामान्य गुंतवणूकदाराला फारसे माहीत नसते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. पहिल्या सात-आठ मिनिटांत ऑर्डरी घेतल्या जातात, त्या सगळ्या एकत्र जुळवून ज्या भावाला सर्वाधिक सौदे होऊ शकतात तो उघडण्याचा भाव ठरतो, आणि सव्वानऊला नियमित व्यवहार सुरू होतात. दोन दिवस साठलेली विक्री या अरुंद दारातून एकदम बाहेर येते. ज्यांनी ‘बाजारभावाने विका’ अशी ऑर्डर टाकलेली असते, त्यांना जो मिळेल तो भाव स्वीकारावा लागतो. त्यातच कित्येकांचे स्टॉपलॉस ठरावीक पातळ्यांवर लावलेले असतात. भाव त्या पातळीला टेकला की ते विक्रीत रूपांतरित होतात, त्या विक्रीने भाव आणखी खाली जातो आणि पुढचे स्टॉपलॉस लागतात. हा शेअर वायदे व्यवहारात, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांतही, असल्यामुळे त्याला इतर छोट्या शेअरांसारखी पाच किंवा दहा टक्क्यांची पक्की मर्यादा नाही. शुक्रवारी ४,५९० रुपयांच्या आसपास बंद झालेला भाव सोमवारी ४,२०० रुपयांच्या जवळ जाऊन आला आणि दिवसअखेर ४,४४० रुपयांच्या आसपास स्थिरावला. सेन्सेक्स त्या दिवशी अर्ध्या टक्क्याहूनही कमी घसरला होता, म्हणजे एकूण बाजाराचा परिणाम वजा केला तरी जवळपास तीन टक्क्यांची घसरण या एकाच बातमीच्या नावावर राहते.

ओझरहून निवृत्त झालेले एक फिटर त्या सकाळी माझ्या परिचयाच्या दलालाकडे येऊन बसले होते. त्यांच्याकडचे शेअर २०१८ चे. “भाऊ, विकून टाकू का? टीव्हीवर तर सगळे संपल्यासारखे सांगतायत,” असे त्यांनी विचारले. दलालाने पडद्यावरून नजर न काढता उलट प्रश्न केला, “नाना, तुम्ही तीस वर्षे विमाने बांधलीत. या पडलेल्या विमानाचे पैसे कंपनीला परत द्यायचेत का?” नाना काही क्षण थांबले आणि म्हणाले, “ते हवाई दलाचे. आपण देऊन किती वर्षे झाली त्याला.” या एका वाक्यात प्रकरणाचा निम्मा हिशेब आहे, आणि तो टीव्हीवर बोलणाऱ्या कोणाहीपेक्षा नानांना चांगला माहीत होता. फक्त तो आपल्याला माहीत आहे, हे त्यांच्या लक्षात आलेले नव्हते.

उरलेला निम्मा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. कंपनीचे एकूण शेअर सुमारे ६६.८८ कोटी. प्रति शेअर ३९० रुपयांची घसरण म्हणजे दिवसाच्या नीचांकी क्षणी कंपनीच्या बाजारमूल्यातून जवळपास २६,००० कोटी रुपये वजा झाले होते. दिवसअखेरच्या १५० रुपयांच्या घसरणीचा अर्थ सुमारे १०,००० कोटी. सप्टेंबरच्या करारातील ६२,३७० कोटींना ९७ ने भागले, तर एका विमानामागे, त्याच्या साहित्यासह, साधारण ६४३ कोटी येतात. म्हणजे सकाळच्या त्या काही मिनिटांत बाजाराने चाळीस तेजस विमानांच्या संपूर्ण विक्रीइतकी, नफ्याइतकी नव्हे, किंमत पुसून टाकली होती, आणि संध्याकाळपर्यंत ती सोळा विमानांपर्यंत खाली आणली. एका अपघाताने चाळीस विमानांची मागणी रद्द होईल असे कोणी समोर बसून शांतपणे म्हटले असते, तर ते कोणालाही पटले नसते. भारतीय हवाई दलाच्या मागण्या कायम होत्या. कोसळलेले विमान मार्क-१ प्रकारचे होते, पुढे द्यायचे आहे ते त्याची सुधारित आवृत्ती असलेले मार्क-१ए. सकाळचा भाव त्या प्रश्नाचे उत्तर नव्हताच. तो दोन दिवस अडकलेल्या भीतीचा निचरा होता.

मग संध्याकाळची तीन टक्क्यांची घसरण तरी योग्य होती का? मला ती अगदीच निराधार वाटत नाही. परदेशी ग्राहकांसमोर, त्यांच्याच प्रदर्शनात, विमान कोसळल्याने निर्यातीची शक्यता काही काळ तरी धूसर होते. चौकशीत एखादा तांत्रिक दोष निघाला, तर सगळ्या विमानांची तपासणी आणि त्यातून उशीर संभवतो. आणि उशीर हाच या कंपनीचा खरा दुखरा भाग आहे. ८३ विमानांपैकी पहिले विमान मार्च २०२४ पर्यंत मिळणे अपेक्षित होते. अमेरिकेच्या जीई कंपनीकडून एफ-४०४ इंजिने वेळेवर आली नाहीत, त्या ९९ इंजिनांपैकी पहिले मार्च २०२५ मध्ये आले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या हवाई प्रदर्शनात खुद्द हवाई दलप्रमुखांनी कंपनीवर विश्वास वाटत नसल्याचे बोलून दाखवले होते. २०२४-२५ मध्ये प्रति शेअर कमाई सुमारे १२५ रुपये होती. ४,५९० रुपये भाव म्हणजे कमाईच्या छत्तीस-सदतीस पट. इतकी किंमत मोजणारा गुंतवणूकदार आजच्या नफ्यासाठी ती देत नाही. पुढची दहा वर्षे वेळेवर विमाने जातील, या भरवशासाठी तो ती मोजत असतो. अशा भरवशाला थोडासा तडा गेला तरी भाव त्याच्या कितीतरी पटीने हलतो, आणि कमाईच्या दहा-बारा पटीला मिळणाऱ्या एखाद्या कंटाळवाण्या कंपनीच्या बाबतीत तेवढ्याच वाईट बातमीने काहीही होत नाही.

त्या आठवड्यात गुंतवणूकदारांचे मत कसे फिरले, हे मला भावापेक्षाही बोलके वाटले. सोमवारी दहा वाजता ‘तेजसचे डिझाइनच सदोष’ म्हणणारी मंडळी दुपारी भाव सावरताच ‘ही खरेदीची संधी होती’ म्हणू लागली. या चार तासांत विमानाविषयी नवी माहिती काहीही आलेली नव्हती. नवे काही आले असेल, तर तो फक्त भाव. बातमीने भाव हलतो हे सर्वांना ठाऊक आहे, परंतु भाव हलला की तोच एक बातमी बनतो आणि लोक आपले मत त्याच्याशी जुळवून घेतात, याकडे लक्ष जात नाही. कंपनीने शेअर बाजारांना कळवले की घटना अपवादात्मक परिस्थितीत घडलेली असून व्यवसायावर, आर्थिक कामगिरीवर किंवा पुढील पुरवठ्यावर तिचा विपरीत परिणाम होणार नाही. असा खुलासा वाचताना तो कंपनीचा आहे हे लक्षात ठेवावे लागते. परंतु त्यात ‘पुढील पुरवठा’ हे दोन शब्द होते आणि माझ्या मते बाजाराला ऐकायचे होते ते तेवढेच.

नाशिकपुरती एक गोष्ट या प्रकरणात वेगळी आहे आणि तिच्याविषयी गंभीरपणे लिहिले पाहिजे. कारखान्यात, पुरवठादारांच्या शेडमध्ये किंवा टाऊनशिपच्या बाजारात जे ऐकू येते, ते कधीकधी मुंबईच्या विश्लेषकाला माहीत नसते. एखादी साखळी थांबली आहे, एखादा भाग परत आला आहे, अमुक महिन्यात विमान सुपूर्द होणार आहे, अशी वाक्ये इथे सहज बोलली जातात. यातील ज्या माहितीमुळे भाव हलू शकतो आणि जी अद्याप जाहीर झालेली नाही, तिच्या आधारे शेअर घेणे किंवा विकणे हा बाजार नियंत्रक सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार गुन्हा ठरू शकतो, आणि तो फक्त संचालकांना लागू होतो असा इथला समज चुकीचा आहे. कंपनीशी कामाच्या नात्याने जोडलेला पुरवठादार आणि त्याचे जवळचे नातेवाईकही त्यात येऊ शकतात. कंपनीने नेमून दिलेल्या कर्मचाऱ्यांसाठी तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यानंतर ४८ तासांपर्यंत व्यवहाराची खिडकी बंद असते, म्हणजे त्यांना कंपनीचे शेअर घेता-विकता येत नाहीत. दुसऱ्या बाजूला, मोठ्या कंपन्यांविषयी माध्यमांत पसरलेल्या आणि भाव ठळकपणे हलवणाऱ्या अफवांचा कंपनीने चोवीस तासांत खुलासा करावा, हा नियम जून २०२४ पासून पहिल्या शंभर आणि डिसेंबर २०२४ पासून पहिल्या अडीचशे कंपन्यांना लागू आहे. ऐकीव माहितीवर निर्णय घेणाऱ्या माणसाने निदान चोवीस तास थांबावे, यासाठी हा नियम पुरेसे कारण आहे.

दलालाकडे बसलेल्या नानांनी त्या दिवशी काहीच विकले नाही. मात्र त्यांच्या एकूण बचतीतला अर्ध्याहून मोठा भाग या एकाच शेअरमध्ये आहे, निवृत्तिवेतनही त्याच कंपनीतल्या नोकरीशी जोडलेले आहे आणि मुलगा अंबडमध्ये याच कामाचे सुटे भाग बनवतो, हे त्या सकाळच्या बोलण्यातून पुढे आले. दुबईच्या बातमीत त्यांना घाबरवण्यासारखे फार थोडे होते. या वाटणीत मात्र पुष्कळ आहे, आणि भाव वर असतानाही ते तितकेच खरे होते. दलालाने त्यांना पुढच्या तिमाही निकालांपर्यंत दोन आकडे लिहून ठेवायला सांगितले: जीईकडून त्या काळात आलेल्या इंजिनांची संख्या आणि हवाई दलाने प्रत्यक्ष स्वीकारलेल्या मार्क-१ए विमानांची संख्या. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी झालेल्या ११३ इंजिनांच्या नव्या कराराचा पुरवठा २०२७ पासून सुरू व्हायचा आहे, तोपर्यंत ओझरच्या साखळीतून वर्षाला आठ विमाने खरोखर बाहेर पडतात की नाही, हे या दोन आकड्यांवर ठरेल. शेअर किती ठेवायचे आणि किती कमी करायचे, हा निर्णय नानांनी मुलाशी बोलून, बाजार बंद असलेल्या एखाद्या दिवशी घ्यायचा असे ठरले.